तळमजल्यावरच्या आजोबांचं खातं

एका मेलेल्या माणसाच्या नावाने मी कित्येक महिने नोटा नोंदवत होतो आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

माणूस जर्मनीतला. लेकीकडे राहायला गेलो होतो तेव्हा तिच्या इमारतीत तळमजल्यावर हे आजोबा बायकोसोबत राहायचे. आजोबा म्हणायचं एवढंच, माझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांना नाद एकच. हाती आलेली प्रत्येक युरोची नोट खर्चायच्या आधी तिचा नंबर एका वेबसाइटवर टाकायचा, गावाचं नाव टाकायचं आणि मग नोट सोडून द्यायची. पुढे ती दुसऱ्या एखाद्या नादिष्टाच्या हाती पडली आणि त्यानेही नंबर टाकला, की आपली नोट कुठवर पोचली ते कळतं. आजोबा विमानाला घाबरायचे, गाव सोडून कुठे गेले नव्हते. त्यांच्या नोटा मात्र पोर्तुगालपर्यंत हिंडून आल्या होत्या.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पाणी कुठून सोडलं आणि कुठे पोचलंच नाही, हे बघण्यात माझा जन्म गेला. सोडलेली वस्तू खरोखर कुठेतरी पोचते, याचंच मला अप्रूप वाटलं.

आजोबांनी माझा फोन घेतला, साइट उघडली, टकटक काहीतरी लिहिलं आणि फोन परत दिला. मला वाटलं, मला खातं काढून दिलं. त्यांनी शिकवण्यापुरतं स्वतःचंच खातं उघडून दिलं होतं. साइट जर्मनमध्ये. कुठल्या चौकटीत काय भरायचं आणि शेवटी कुठलं बटण दाबायचं, एवढंच मी पाठ केलं. वर ठळक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असायचं. मी समजत होतो, ‘सुस्वागतम्’ असेल. ते त्यांचं नाव होतं.

सोलापूरला परतलो आणि थोड्याच दिवसांत लेकीचा फोन आला, “पप्पा, खालचे आजोबा गेले.” वाईट वाटलं. त्यांची आठवण म्हणून हा नाद चालू ठेवायचा, असं मी ठरवलं. माझा एक टॉवेल कारखानदार मित्र प्रदर्शनासाठी युरोपात जाऊन येतो. त्याच्या पाकिटात उरलेल्या नोटा मी नवी पेठेतल्या त्याच्या दुकानात बसून नोंदवल्या. वेळापूरला पाहुण्यांच्या देव्हाऱ्यात, परदेशी गेलेल्या पोराने ठेवलेली पाच युरोची नोट होती. तीही सोडली नाही. तिच्या नंबरावरचं कुंकू मी बोटाने पुसत होतो, तेव्हा त्या घरची म्हातारी माझ्याकडे जशी बघत होती, तसं माझ्याकडे पूर्वी फक्त लेखापरीक्षक बघायचे.

मग उन्हाळ्यातली ती दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बायको आत झोपलेली. मी सहज साइट उघडली, तर नवी पेठेतल्या नोटेखाली, शेऱ्याच्या चौकटीत, एक ओळ होती. मी न लिहिलेली. फोनकडूनच तिचं मराठी करून घेतलं.

‘तू कुठे आहेस?’

मला वाटलं, साइटवाले विचारतायत. एवढ्या लांबून नोटा नोंदवणारा कोण म्हणून चौकशी असेल. छाती फुगली. मी उत्तर मराठीत लिहिलं, फोनने त्याचं जर्मन केलं : ‘सोलापूर. नवी पेठ.’

दोन दिवसांनी दुसरी ओळ. ‘तिथे थंडी आहे का?’

‘थंडी कसली? नुसती भट्टी आहे. अंगाची लाही लाही होते.’

मग तिसरी. ‘एकटाच आहेस का?’

‘नाही. बायको आहे सोबत.’

त्यानंतर काहीच नाही. मी रोज उघडून बघायचो. चौकटी कोऱ्या. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि मग एका दुपारी पुन्हा एक ओळ.

‘तुझा तपकिरी स्वेटर अजून खुंटीवरच आहे.’

निघायच्या गडबडीत माझा तपकिरी स्वेटर लेकीकडेच राहिला होता. साइटवाल्यांना स्वेटर कसा माहीत? घाबरून मी फोनचा पडदा वर सरकवत गेलो. तोवर मी कधी माझ्या नोटांच्या पुढे गेलो नव्हतो. खाली अजून नोटा होत्या. आणखी खाली आणखी. ज्या वर्षी माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता, त्या वर्षी मी जर्मनीत बेकरीत पाव घेऊन नोट मोडली होती. ज्या डिसेंबरात मी सोलापुरात सात रस्ता चौकात वाहनं चुकवत ऑफिस गाठत होतो, त्याच डिसेंबरात मी तिकडे बर्फातून चालत कुठल्याशा औषधाच्या दुकानात गेलो होतो. शेऱ्यात लिहिलंही होतं : ‘रस्ता निसरडा. हळू आलो.’

बायकोला हाक मारायला उठलो.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. लेक होती.

“पप्पा, खालच्या आजींचं काहीतरी बिनसलंय. बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, सामान बांधायला घेतलं होतं. आता जात नाही म्हणतात. दिवसभर आजोबांच्या कॉम्प्युटरपुढे बसतात. म्हणतात, नवरा लिहितो.”

“काय लिहितो?”

“की तिथं भट्टीसारखं गरम आहे.” तिने आवाज खाली आणला. “आणि तिथं त्याला बायको आहे म्हणे. ते वाचल्यापासून नीट जेवतही नाहीत.”

मी खाली बसलो. माझीच उत्तरं मी पुन्हा वाचली, पण आता त्या बाईच्या खुर्चीत बसून. गाव न सोडलेला नवरा गेला, पुरला, घरी येऊन दिवा लावला. आणि मग साइटच्या नकाशावर एक ठिपका उमटला, जिथे तो कधीच गेला नव्हता तिथे. मग दुसरा ठिपका, त्याहून लहान गावी. त्याचा तपकिरी स्वेटर इथे खुंटीवर, म्हणून भीत भीत विचारलं, थंडी आहे का? आणि आतून कोणीतरी उत्तर दिलं.

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, गुपचूप त्या खात्यातून बाहेर पडा. परत लिहू नका. हळूहळू विसरतील त्या.”

एव्हाना बायको उठून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“अजाबात न्हाय,” ती म्हणाली. “ती बाई काय समजून बसली असंल तिकडं? जल्मभर ज्याचं केलं त्यानं मेल्या मेल्या दुसरी केली म्हणून! बहिनीकडं जाईना, जेवना. अहो, झुरून मरंल की ती. लावा फोन. आन मला दावा तिला. म्हनावं, ही बघ ती दुसरी.”

लेक व्हिडिओ कॉल लावून फोन घेऊन खाली गेली. आजी आजोबांच्या टेबलाशी बसल्या होत्या. मागे कॉम्प्युटर उघडा, त्यावर माझी नवी पेठ. लेक जर्मनमधून सांगत गेली, मी इकडे मान हलवत गेलो. आजींनी पापणी हलवली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण माझ्या मागे कोणी उभं आहे का ते शोधत असल्यासारख्या. मी एकदा वळून बघितलंसुद्धा.

बायकोने पदर सारखा केला आणि नमस्कार केला. आजींनी तिला नीट निरखलं. मग काहीतरी विचारलं.

“भट्टीचं पण तुम्हीच लिहिलं होतं का?” लेकीने मराठीत सांगितलं.

“हो,” मी म्हणालो. “इथं मे महिना आहे.”

आजींनी डोळे मिटले. मग हात मागे नेऊन कॉम्प्युटर बंद केला आणि लेकीशी हळू आवाजात बोलल्या.

“काय म्हणतात?” बायको पुढे सरसावली.

“उद्या खोकी आणून दे म्हणतात. उरलेलं सामान भरायचंय.”

“आन ते नंतरचं? ह्यांच्याकडं बोट करून काय म्हनल्या?”

लेक सांगेना. आई सोडेना. शेवटी ती म्हणाली, “त्या म्हणतात, मला शंका होतीच. माझा नवरा मेला असेल, पण मेल्यावर एवढा बिनडोक होणार नाही.”