चवीचा खण

टपालबाईंनी एकतीस वर्षं पत्रं लावली. म्हणजे पोस्टात लाकडी खणांच्या मांडणीसमोर बसायचं आणि एकेक पाकीट त्याच्या त्याच्या गल्लीच्या खणात टाकायचं. पत्ता अर्धा पुसलेला असो, नाहीतर कुणा दिवट्यानं गिचमिड करून ठेवलेला असो, बाईंचा हात कधी थांबला नाही. "एकदा बघितलं की कळतं," असं त्या म्हणायच्या, आणि खरंच कळायचं हो त्यांना! अशा बाईला निवृत्त करून घरी बसवलं तर दुसरं काय होणार? तिसऱ्याच महिन्यात छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी वायरी लावून सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, डोक्याला मात्र उसंत नाही. चाला, वेळेवर झोपा, हातांना काहीतरी काम द्या.

हातांना काम म्हटल्यावर बाईंनी इमारतीची गच्चीच ताब्यात घेतली. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, कुणाचा तरी टाकलेला बाथटब, जे मिळेल त्यात माती. गवती चहा, पुदिना, ब्राह्मी, कॅमोमाइल, आणि लिंबाच्या वासाचं ते पुदिन्याचं भावंड, लेमन बाम. सकाळी तासभर मातीत हात घातले की धडधड कुठल्या कुठे पळायची. वर्षभरात बाईंची झोप परत आली, आवाज तर कधी गेलाच नव्हता.

घरात त्यांनी पोस्टातून मोडीत निघालेली खणांची एक मांडणी आणून भिंतीला लावली. प्रत्येक खणावर टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: झोपेचा, पोटाचा, डोक्याचा, छातीचा. वाळवलेलं प्रत्येक पान आपापल्या खणात. आणि उगाच कुणाच्या घशात काही ओतणाऱ्यातल्या त्या नव्हत्या बरं का! पहिल्या चार खणांतलं एकेक पान त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं होतं. कुणाला चालतं, कुणाला नाही, कुठल्या गोळीशी वाकडं आहे, सगळं वहीत लिहून घेतलं होतं. शेजारणी काढ्याला आल्या की बाई आधी दटावायच्या, "गोळी चालू आहे ना? ती सोडलीस तर माझ्या दारात उभी राहू नकोस." पाचवा खण तेवढा चवीचा. त्यात वेलची, सुंठ, संत्र्याची साल, ज्येष्ठमध. चवीचं काय विचारायचं डॉक्टरला?

बाईंचा धाकटा भाऊ खालच्याच मजल्यावर राहायचा. बस चालवायचा तो, बावीस वर्षं झाली, घाटाची लांबची फेरी. माणूस अबोल. दोघांच्या वाट्याचं बोलणं बहिणीनंच घेतलेलं, असं सगळे थट्टेनं म्हणायचे. त्या वर्षी डेपोच्या तपासणीत त्याचा रक्तदाब जास्त निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांनी परत बोलावलं. तेव्हा आकडा नियमात बसला नाही तर स्टिअरिंग सोडायचं आणि डेपोच्या खिडकीत पासावर शिक्के मारत बसायचं. हे सांगताना धाकट्याचा चेहरा इतकुसा झाला होता. बस काढून घेतली असती तर त्या माणसाकडे राहिलं काय असतं?

"दोन महिने? दोन महिन्यांत तुला सरळ करते की नाही बघ," बाई छाती ठोकून म्हणाल्या. "गोळी चुकवायची नाही. आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ माझा काढा."

काढा फर्मास होता. लेमन बाम, कॅमोमाइल, थोडा गवती चहा. पण धाकट्याला लहानपणापासून गोडाशिवाय घास उतरत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी साखर तर बंद केलेली. बाईंना कीव आली. त्यांनी चवीच्या खणातून ज्येष्ठमधाच्या चांगल्या जाड काड्या काढल्या, ठेचल्या आणि भरपूर टाकल्या. थर्मास भरून रोज बसमध्ये. संध्याकाळी तो परत आला की जिन्यातूनच हाक, "काय रे, हलकं वाटतंय ना?" तो मान हलवायचा. बाई खूश.

दोन महिने झाले. तपासणीला बाई सोबत गेल्या. जाणारच! बाहेर बाकड्यावर बसल्या, पण दार अर्धवट उघडं होतं आणि बाईंच्या कानांना निवृत्ती नव्हती.

"हे काय?" आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्यापेक्षा वर गेलंय. खूपच वर. पायही सुजलेत तुमचे. गोळ्या घेताय?"

"रोज."

"दुसरं काही? पाला, चूर्ण, काढा?"

"नाही. काहीच नाही."

बाईंना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच दाराशी बसलोय. खोटं? हा? ज्याला लहानपणी चोरून खाल्लेली लिमलेटची गोळीसुद्धा लपवता आली नाही, तो? त्या उठल्या, दार ढकललं आणि पिशवीतला थर्मास टेबलावर आपटला.

"खोटं बोलतोय तो. काढा पितोय, दिवसातून तीनदा, आणि मी देतेय."

काय काय घातलंय ते त्यांनी धडाधडा सांगितलं, एकेक पान, किती चिमूट, वहीतल्यासारखं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. मग त्यांनी झाकणात थोडा काढा ओतून घोटभर घेतला. "एवढा गोड कशानं?"

"ज्येष्ठमध. नुसतं चवीला."

"चवीला नाही हो, हेच चढवतंय!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "ज्येष्ठमध रोज एवढं पोटात गेलं की शरीर मीठपाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढतो. गोळी खाली ओढतेय आणि तुमचा काढा वर. बाकीच्या पानांशी माझं भांडण नाही. मन शांत करत असतील, झोप आणत असतील, बेतानं प्या. हे मात्र आजपासून बंद."

टपालबाईंनी थर्मास परत पिशवीत घातला. एकतीस वर्षांत एक पाकीट चुकीच्या खणात पडलं नाही, आणि पडलं ते नेमकं आपल्या भावाचं. औषधाच्या चार खणांची एवढी चौकशी केली, आणि पाचव्यावर स्वतःच्या हातानं 'चवीचा' लिहिलं म्हणून तिकडे ढुंकून पाहिलं नाही. लाज वाटली, जीव नुसता तीळतीळ तुटला. डॉक्टरीणबाईंनी सहा आठवड्यांची मुदत दिली. तोवर बस नाही.

जिना उतरताना त्या कशाबशा म्हणाल्या, "मला वाचवायला खोटं बोललास, होय ना?"

धाकटा दोन पायऱ्या पुढे उतरला. मग म्हणाला, "ताई, मला माहीत होतं. डेपोत प्रेशरचं मशीन आहे. दर आठवड्याला बघत होतो, चढतच होतं."

"आणि मला बोलला नाहीस?"

"कसा बोलणार? तू विचारायचीस, हलकं वाटतंय ना. त्याच्यावर नाही कसं म्हणायचं?"

बाई तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रडू आलं त्यांना, भर डेपोत, लोकांच्या देखत. "मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "नाही, मीच आहे."

पण हातपाय गाळून बसणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी काढा नेणाऱ्या अकरा घरांची दारं वाजवली. "माझं चुकलं. ज्येष्ठमध काढून टाका. गोळ्या चालू असतील त्यांनी उद्याच प्रेशर तपासून घ्या." एक शेजारीण "अहो, असू दे हो" म्हणाली, तर तिलाच झापलं, "असू दे काय? जीवाशी खेळ आहे!" पाचव्या खणातलंही सगळं डॉक्टरांकडे नेऊन पुन्हा विचारून आणलं. आणि संध्याकाळी गच्चीवर भावासमोर कपभर साधा गवती चहा ठेवून त्या गप्प बसायला शिकल्या. हे सर्वांत अवघड गेलं. पहिले आठ दिवस तोही गप्प, त्याही गप्प. नवव्या दिवशी तो आपणहून बोलायला लागला. घाटातल्या एका वळणावर गेल्या वर्षी ब्रेक लागता लागेना, मागे बावन्न माणसं. कुणालाच काही झालं नाही, म्हणून त्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते वळण आलं की भीती वाटते. तो तासभर बोलत होता. बाईंच्या जिभेवर दहा सल्ले येऊन परत गेले.

सहा आठवड्यांनी पुन्हा तीच खोली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बहिणीलाही आत बसवून घेतलं. पट्टा फुगला, सुटला. एकशे तीस, ब्याऐंशी.

"छान," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगा, काय काय घेता?"

धाकट्यानं घसा साफ केला. "गोळी रोज. गवती चहा एक कप. घाटात भीती वाटते, ते ताईला सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. आठवड्यातून दोनदा बेकरीतला केक." मग बहिणीकडे न बघता, "आणि रोज दोन सिगारेटी. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षं! टपालबाईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मिटलं. इतका राग आला होता आणि इतका अभिमान वाटत होता की दोन्ही एकदम बोलता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं, सिगारेटवरून चांगलं खडसावलं, घाटाची फेरी तूर्त बदलून सपाटीची द्यायला सांगितली, आणि कागदावर सही केली.

"तुम्हाला काही बोलायचंय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नाही," टपालबाई म्हणाल्या. "त्याचं सांगून होऊ दे आधी."