कोरी चिठ्ठी

त्या दिवसांत देवावरचा माझा विश्वास उडाला होता. खरं तर स्वतःवरचा उडाला होता, पण बोल देवाला लावणं सोपं असतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यावर दिलेल्या गोळ्या, दुखणं थांबलं तरी मला सोडेनात. एक चुकली की घाम फुटे, हातपाय ओढले जात. घरच्या गणपतीपुढे किती शपथा घेतल्या आणि मोडल्या! एका दुपारी नातीला मांडीवर घेतलं असताना मला अशी गुंगी आली की ती घसरून खाली पडली. फारसं लागलं नाही. पण लेक म्हणाली, "आई, आता तिला तुझ्याजवळ एकटीला ठेवायची नाही मी." हिंजवडीला ऑफिसला जाताना ती बाळाला पाळणाघरात सोडू लागली, आणि मी वारज्याच्या घरात भिंती बघत बसू लागले.

लेकीनंच मला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मी बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, "काकू, दाखल होऊन गोळ्या सोडायच्या, की घरी राहून हळूहळू? दोन्ही जमेल. औषध मी देईन, पण वाट आपण दोघींनी ठरवायची." माझ्या दुखण्याबद्दल मला असं कोणी विचारलंच नव्हतं. गोंधळून मी म्हणाले, "देवाला विचारून सांगते."

आमच्याकडे अडलं की देवापुढे तीन चिठ्ठ्या टाकतात. दोन पर्यायांच्या आणि एक कोरी. कोरी आली तर देव आज बोलत नाही, उद्या पुन्हा विचारायचं. मी डोळे मिटून उचलली. कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरीच! चिडून म्हटलं, "अरे बाप्पा, तोंडात मोदक आहे का तुझ्या?" आणि ती चिठ्ठी घेऊन तडक डॉक्टरबाईंकडे गेले. त्या हसल्या नाहीत. पेन माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "जागा मोकळी ठेवलीय त्यानं. लिहा तुम्हीच."

मी लिहिलं, घरीच राहीन. दुपारी चारची गोळी सगळ्यांत शेवटी सोडेन, कारण तेव्हा घर खायला उठतं. जास्तीची घेतली तर खरं सांगेन, पण कोणी रागवायचं नाही. डॉक्टरबाईंनी त्याप्रमाणे औषध बसवलं. दोन गोळ्या एकदम सोडायचं मी म्हटलं, तिथे मात्र "काकू, ही घाई होतेय" म्हणून मला थांबवलं. पुढे दोनदा माझा तोल गेला, जास्तीची गोळी घेतली; दोन्ही वेळा मीच त्यांना फोन केला. आणि संक्रांतीला चारची गोळीही सुटली! मी एकटीनंच घरात टाळ्या वाजवल्या.

शरण जायचं म्हणजे सगळा भार देवावर टाकून मोकळं व्हायचं, असं मी समजत होते. त्यानं माझ्या वाट्याचा भार माझ्या हातात ठेवला, आणि उचलू लागायला माणूसही दिलं. त्याचे उपकार कशानं फेडू? ती चिठ्ठी आता देव्हाऱ्यात आहे.

काल सकाळी लेकीनं बाळाची पिशवी माझ्या दारात ठेवली, नातीला माझ्या कडेवर दिलं आणि बस चुकेल म्हणून धावत सुटली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.