सातव्या क्रमांकाचं नाव

डॉ. प्रमिला कासारे यांची माझी पहिली भेट नेरुळच्या आमच्या संशोधन केंद्रात, माझ्या मुलाखतीच्या वेळी झाली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझी प्रमाणपत्रं त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "समोरचा माणूस बोलेल ते न सुधारता लिहून घ्याल का?" मी हो म्हटलं. बाईंच्या हाताखालची माझी नोकरी तिथून सुरू झाली. आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे.

त्या वेळी वाशीच्या घाऊक बाजारातल्या हमालांच्या पाठदुखीवर बाईंचा अभ्यास चालू होता. त्यासाठी त्यांनी डेल्फी पद्धत निवडली होती. बारा जाणकारांना एकच प्रश्नावली टपालानं पाठवायची, आलेली उत्तरं आणि त्यांमागची कारणं नावांशिवाय, फक्त क्रमांकांनी, सगळ्यांना परत पाठवायची आणि पुन्हा मत विचारायचं. एकमत होईपर्यंत अशा फेऱ्या करायच्या. समोरासमोरच्या बैठकीत मोठ्या खुर्चीचा आवाज चढतो, म्हणून टपाल बरं, असं बाई म्हणत.

बारा जणांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते आणि बाईंच्या आग्रहामुळे एक मुकादमही होते. साताऱ्याकडचे विठोबा मुकादम यांनी उभी हयात पोती वाहिली होती. त्यांना लिहिता येत नसे. मी प्रश्न वाचून दाखवत असे आणि त्यांचं उत्तर तसंच्या तसं उतरवून घेत असे.

पहिल्या फेरीत जवळपास सगळ्यांनी पोत्याचं वजन हेच मुख्य कारण धरलं. मुकादम म्हणाले, "वजनाची सवय हुती वो. पर ट्रकापास्नं गाळ्यापतूर टाकलेली फळी मधीच वाकती. तितं मणक्याला हिसका बसतो. फळीचं कुनी इचारतच न्हाई."

मी ते लिहून आणलं. सातव्या क्रमांकाचं ते उत्तर बाईंनी एक शब्दही न गाळता दुसऱ्या फेरीत सगळ्यांना पाठवलं.

आठवड्याभरात त्या बारांपैकीच एक ज्येष्ठ प्राध्यापक केंद्रात आले. आमच्या पुढच्या प्रकल्पाची मंजुरी त्यांच्या हाती होती. ते म्हणाले, "हा सातवा कोण ते सांगा. माणूस कळल्याशिवाय मताला किती किंमत द्यायची ते कसं ठरवू?"

"ते कळू नये म्हणूनच तर क्रमांक दिलेत, सर," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मी बाहेरचा नाही."

"म्हणूनच सांगत नाही."

सर चहा न घेता गेले. बाईंनी मला पाकिटं चिकटवायला बसवलं. पुढचा प्रकल्प आम्हाला मिळाला नाही. कारण हेच होतं, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही.

तिसऱ्या फेरीत बहुतेकांनी फळी पहिल्या क्रमांकावर आणली. दोघांना ते पटलं नाही. त्यांची कारणंही बाईंनी अहवालात छापली. "एकमत झालं म्हणून दोघांना मुकं करायचं का?" असं त्या म्हणाल्या. बाजारातल्या एका गल्लीत पुढे पक्के उतार बांधले गेले. बाकीच्या गल्ल्यांत फळ्याच राहिल्या. सातवे आपणच होतो, हे मुकादमांनी नंतर स्वतःच सगळ्या गल्लीला सांगितलं, म्हणून इथे लिहिते.

बाईंच्या शिस्तीबद्दल सगळेच बोलतात. माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा मी आठवडाभर नावड्याला घरीच होते. दुसऱ्या दिवशी बाई दोन बस बदलून आल्या. मला वाटलं, काम घेऊन आल्या. त्यांच्या पिशवीत कडुनिंबाचा पाला होता. "तुम्ही जरा झोपा," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत मुलीपाशी बसून राहिल्या.

त्या प्राध्यापकांनी तिसऱ्या फेरीत काय लिहिलं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. ते पाकीट मीच उघडलं होतं. मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि या गौरवग्रंथातही सांगणार नाही. बाईंकडून मी शिकले ते हेच.

बाईंचे गुडघे हल्ली कुरकुर करतात, पण रोजची फेरी त्यांनी सोडलेली नाही. ती अशीच चालू राहो, डोळे आणि कान असेच तल्लख राहोत, आणि शंभरी गाठताना त्यांनी आम्हाला असंच प्रश्नांत पाडावं, ही मनापासूनची इच्छा.