पोकोइनाची पहिली कबर

आमच्या मोतुरोआ बेटावर कुणाच्या मरणाची बातमी आली, तर त्याचं नाव यंत्राच्या तोंडून ऐकायचं नाही, अशी रीत आहे. मोठ्या बेटावर, जिथं सरकार बसतं, किंवा न्यूझीलंडला आपल्यापैकी कुणी वारलं, की रेडिओवर आधी शोकगीत लागतं. ते कानावर पडलं की लोक घरोघरचे रेडिओ माती होईपर्यंत बंद करतात, त्यांची तोंडं भिंतीकडे फिरवतात आणि दारात येऊन बसतात. नाव माणसानंच येऊन सांगायचं. तो माणूस म्हणजे आकाइती.

बेटावर फोनघर एकच, आणि ते तिच्या ताब्यात. चुन्यानं रंगवलेली एक खोली, टेबलावर बिनतारी यंत्र, खाली बॅटऱ्या. पलीकडून हाक आली की ती बटण दाबून म्हणायची, "मोतुरोआ. ऐकतेय, बोल." नाव कळलं की चपला काढून अनवाणी त्या घराकडे निघायची. एरवी तिच्याइतकी बोलघेवडी बाई शोधून सापडली नसती. तिचं हसणं पार तारोच्या कंदांच्या खाचरांपर्यंत ऐकू जायचं. पण अनवाणी येताना दिसली, की बायका हातातलं काम खाली ठेवायच्या.

तिच्याकडे दुसरंही एक काम होतं. तिचा धाकटा भाऊ पोकोइना सभागृहात आमच्या बेटाचा सदस्य होता. मोठ्या कायद्यावर मत द्यायचं असलं, की आधी इथले वडीलधारे बसत, हो की नाही ते ठरवत आणि आकाइती संध्याकाळी यंत्रावरून त्याला सांगत असे. वडीलधाऱ्यांचा शब्द मिळाल्याशिवाय पोकोइनानं कधी हात वर केला नाही. सभागृहातले त्याला बहिणीचा पोपट म्हणत, आणि तो हसून म्हणे, "पोपट बरा. तुमच्यासारखा कावळा तर नाही."

मग ते मंदीचं साल आलं. खजिना आटला, पगार आधी लांबले, मग निम्मे झाले, आणि शेवटी निम्म्याहून जास्त सरकारी माणसांना घरी बसवायचं ठरलं. आमच्या बेटावरून पहिलं नाव आकाइतीचं निघालं. पोकोइनानं ते स्वतःच यंत्रावरून सांगितलं.

"ताई, कात्री आपल्या घरापासून लावली नाही, तर उद्या मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"लाव बाबा. कात्री लावायला तुला माझीच मान सापडली."

मोठ्या बेटावरून कारकून आला, त्यानं फोनघराला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकून त्याच बोटीनं परत गेला. आता भावाला शब्द कोण कळवणार, याचा विचार सुधारणा करणाऱ्यांनी केला नाही आणि आम्हीही केला नाही. फोनघराच्या खिडकीला धड कडी नव्हती. वेळ आलीच, तर आकाइती खिडकीतून शिरेल, असं सगळे धरून चालले होते. ती मात्र म्हणायची, "सरकारनं मला घरी बसवलंय. मी चोर नाही खिडकीतून शिरायला." लोक म्हणत, रुसलीय, रुसवा किती दिवस टिकतोय.

नव्या कराच्या कायद्यावर चर्चा होती, त्या दुपारी सारं गाव प्रार्थनाघराच्या ओसरीत रेडिओभोवती जमलं. वडीलधाऱ्यांचे प्रमुख पापा तामारुआ खुर्चीत होते, बाकीचे चटयांवर. आकाइती मागे खांबाला टेकून फुलांचा हार ओवत होती. ऐकत नाहीये, असं दाखवत होती.

पोकोइनाचा आवाज आला. भाऊ मुळात शाळामास्तर, त्यामुळे बोलणं ठणठणीत.

"मंदी आहे, मान्य. कचेरीत एका शिक्क्याला तीन माणसं आहेत, तेही मान्य. करा सुधारणा. पण कर कुणावर बसवताय? हॉटेलवाला पिठाची गोणी घेणार, माझा मासेमारही पिठाची गोणी घेणार, आणि दोघांवर कर सारखाच. आणि परदेशी कंपन्या, ज्यांच्या या शहरात नुसत्या पितळी पाट्या आहेत, माणूस एकही नाही, त्यांच्यावर दमडी नाही. हा कुठला न्याय?"

ओसरीत लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. पापा तामारुआ म्हणाले, "आपला शब्द ठरला. उद्या मतदानाला नाही म्हणायचं. आकाइती, संध्याकाळी जाऊन सांग त्याला."

आकाइतीनं सुई खाली ठेवली. ती गेली असती. पण तेवढ्यात रेडिओतून पुढचं वाक्य आलं.

"आणि मला त्यागाच्या गोष्टी सांगू नका. पहिलं नाव मी माझ्या सख्ख्या बहिणीचं दिलंय. तिनं हूं की चूं केलं नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. तिचा अपमान भाऊ भर सभागृहात फेटा म्हणून मिरवत होता. आकाइतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जीभ झडो मेल्याची," ती म्हणाली.

बायका खळाळून हसल्या. तेवढ्यात रेडिओत धप्पकन काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि पोकोइनाचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. मग काहीच नाही, नुसती खरखर. हसणं हळूहळू विरलं. आणि मग शोकगीत लागलं.

पापा तामारुआ उठले. त्यांनी रेडिओ बंद केला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. नाव सांगायला अनवाणी यायची ती बाई तिथंच बसली होती, आणि सगळे तिच्याकडेच बघत होते.

आमच्याकडे माणूस घरासमोरच पुरतात, दाराच्या उजव्या हाताला, आणि वर पत्र्याचं छप्पर घालतात. दुसऱ्या सकाळी पुतण्यांनी पोकोइनाच्या दारात खड्डा खणला. बोटीनं प्रेत आलं, की या उकाड्यात थांबायला सवड नसते. त्याचा सभागृहाचा पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवला. संध्याकाळी गाणी झाली. प्रत्येकानं उठून त्याच्याबद्दल बोलायचं असतं, तसे सगळे बोलले. "उभा राहून गेला. आमच्या पिठासाठी बोलता बोलता गेला." हे वाक्य त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं गेलं, की लहान पोरांनाही पाठ झालं.

शेजारची मेरे एकदा हळूच म्हणाली, "आकाइती, खिडकीतून शिरून विचार तरी. कसा गेला, कधी आणतायत."

"मी चोर नाही."

"अगं, आता कसला राग धरतेस?"

राग कधीच संपला होता. आकाइतीला भीती वाटत होती. जीभ झडो म्हटलं आणि झडली. यंत्रापुढे बसलं, की पलीकडचा माणूस सांगेल, अमुक वेळेला गेला, आणि ती वेळ तिच्या तोंडून शब्द निघाला तीच असेल. हे कुणाला सांगायचं? ती रोज फोनघरावरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायची. शोकगीत लागलं त्याच सांजेला तिला कुलपाआडून खरखर ऐकू आल्यासारखं वाटलं. बॅटऱ्या कारकुनानं सोडवल्या नव्हत्या, तेव्हा ती खरीही असेल. तिनं कानांवर हात ठेवले आणि घर गाठलं.

बोट दिसली, तेव्हा सारं गाव काळे कपडे घालून धक्क्यावर उभं होतं. मोठ्या बोटीतून होडी सुटली आणि खडकांमधल्या वाटेनं आत आली. होडीत पेटी नव्हती. पोकोइना होता, खांद्यावर एक खोकं घेऊन.

पुढची दोन माणसं मागे सरली. एका म्हातारीनं चेहरा झाकून घेतला. तो धक्क्यावर चढला, सगळ्यांचे कपडे बघून टोपी काढली आणि आवाज उतरवून म्हणाला, "कोण गेलं?"

आकाइती पुढे झाली. तिनं त्याच्या गालाला हात लावून पाहिला. गाल गरम होता.

"तू," ती म्हणाली.

घरापर्यंतच्या वाटेत त्यानं सगळं सांगितलं. वेळ संपली तरी तो खाली बसेना, म्हणून सभापतींनी हातोडा आपटून ध्वनिक्षेपक बंद करायला लावला. रेडिओवरचा जुना माणूसही कपातीत गेलेला. नव्याला शोकगीत कुठलं ते ठाऊक नव्हतं, त्यानं हाताला लागली ती गाण्याची फीत लावली. सांगताना पोकोइना हसत होता. दारातला खड्डा दिसल्यावर मात्र त्याचं हसू गेलं.

"मत कुठं दिलंस?" पापा तामारुआंनी विचारलं.

पोकोइना खोकं खाली ठेवून खड्ड्याच्या कडेला बसला.

"कायद्याच्या बाजूनं."

पोकोइना खड्ड्यात बघत पुढे बोलू लागला.

"पापा, ती सगळी संध्याकाळ मी मोठ्या कचेरीतल्या यंत्रापुढे बसून होतो. मोतुरोआ, मोतुरोआ, ऐकतेस का? घसा बसला माझा. वाटलं, ताई रागावलीय, तरी शब्द पोचवेल. तुम्ही कुणीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही मला टाकलंत. सकाळी मंत्री म्हणाला, बाजूनं ये, तुझं फोनघर परत उघडतो. पुन्हा कधी असा मुका बसायला नको, म्हणून मी हो म्हटलं."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बहिणीपुढे धरली. खोक्यात नवी बॅटरी होती. आकाइतीनं किल्ली घेतली. कुलपाआडून आलेली ती खरखर तिच्या कानात पुन्हा सुरू झाली.

पापा तामारुआ खड्ड्याच्या कडेशी आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"उघडलेली कबर रिकामी बुजवत नाहीत," ते म्हणाले. "केळीचा खुंट आणा. माणसाएवढा."

खुंट आणला. त्याला तो पांढरा सदरा घातला. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, बायका रडल्या, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. पोकोइना टोपी हातात धरून स्वतःच्या मातीला उभा होता. त्यानंही मूठभर माती टाकली. नंतर पापा त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "आमचा पोकोइना बोलता बोलता गेला. तू दमला असशील. जेवून घे."

त्यानंतर त्याला कुणी वाईट बोललं नाही. मासे आणून देत, तब्येत विचारत. दुकानात पिठाची गोणी महाग झाली, तरी त्याच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पण बेटाच्या कामाबद्दल पुन्हा कुणी त्याला काही विचारलं नाही. पुढच्या निवडणुकीला तो उभा राहिला नाही. दरवर्षी त्या तारखेला लोक हार घेऊन येत, ओसरीवर बसलेल्या पोकोइनाला नमस्कार करून कबरीशी जात, तिथं हार ठेवत आणि म्हणत, उभा राहून गेला. कबरीला चुना तोच लावायचा. एकदा चुना लावता लावता तो आकाइतीला म्हणाला, "ताई, हा माझ्यापेक्षा चांगला होता गं."

तिनं त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि उरलेली बाजू रंगवली. त्या दिवशी तिनं त्याला सांगायला हवं होतं की खिडकी उघडी होती, शब्द ठरलेला होता, आणि मी भ्याले म्हणून आले नाही. बोलघेवड्या बाईला एवढं जमलं नाही. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

पोकोइना खराखुरा गेला तो ओसरीवरच, बसल्या जागी. त्या दिवशी शोकगीत लागलं नाही. आकाइती अनवाणी घरोघर फिरली. काही जण बावचळून म्हणाले, "पुन्हा?" त्याला पहिल्या कबरीच्या डाव्या हाताला पुरलं. सिमेंट ओलं असताना पुतण्यानं नाव काय कोरायचं विचारलं, तेव्हा कुणालाच सुचेना, कारण नाव शेजारी आधीच कोरलेलं होतं. ती पाटी कोरीच राहिली.

आता बेटावर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या काढून नेल्या, तारा कुणी तोडून नेल्या. किल्ली मात्र आकाइतीकडे आहे. सांज झाली की म्हातारी हळूहळू चालत जाते, चपला दाराबाहेर काढते आणि यंत्रापुढे बसते. मेरेची नात एकदा दारातून डोकावली होती, तिनं घरी येऊन सांगितलं. आधी आकाइती बराच वेळ कान देऊन बसते. मग मेलेलं बटण दाबते.

"मोतुरोआ. ऐकतेय, बोल," ती म्हणते. थोडं थांबते. "पोकोइना, वडीलधाऱ्यांचा शब्द आहे. नाही म्हण."