चेअरमनची पायलट

ऋतुजाच्या गळ्यात पदक घालून झालं. चेअरमननी माईक स्वतःकडं ओढला आणि माझ्याकडं बोट केलं.

"आणि ही आमची पायलट."

लोक हसले. विनोद अजून झालाच नव्हता, पण चेअरमन बोलले की हसायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"मंत्र्याच्या गाडीम्होरं पायलट गाडी असती का न्हाय? धुरळा खाती, वाट मोकळी करती. बंगला आला की बाजूला हुती. आत जायचं कुणी? मंत्र्यानं की!"

आता सगळे मनापासून हसले. मग चेअरमन थोडे वाकले आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "हिचा आज्जा आमच्या आज्जाच्या घोड्याम्होरं पळायचा. रक्तातच हाय ते. शिकवाय लागत न्हाय."

टाळ्या पडल्या. मी तेरा वर्षांची होते. माझ्या गळ्यात काही नव्हतं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक नारळ होता. सहकार्याबद्दल.

हे नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. चेअरमन दोन-तीन संस्थांचे चेअरमन होते, त्यामुळं त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांच्या शाळेच्या आवारात सिमेंटचं गोल रिंक होतं. स्केटिंगचा क्लब त्यांचाच. ऋतुजा त्यांची धाकटी लेक. माझे बाबा शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होते. मी त्या शाळेत फीमाफीवर शिकत होते आणि क्लबचे चाकांचे बूट घालून पळत होते. स्केटिंगला आम्ही पळणंच म्हणायचो.

रस्त्यावरची शर्यत रिंकवरच्यासारखी नसते. उजळाईवाडीच्या माळावर वारा समोरून येतो आणि अंगावर बसतो. पुढची मुलगी तो छातीवर घेते. मागची तिच्या पाठीच्या आडोशाला राहते. शेवटच्या वळणाला पुढचीचा दम संपलेला असतो, मागचीचा शिल्लक असतो. क्लबच्या सरांनी यातून सोपी पद्धत काढली होती. मी पुढं. ऋतुजा माझ्या मागं. शेवटच्या वळणाला सर शिट्टी वाजवणार. शिट्टी ऐकली की मी डावीकडं सरायचं.

मी सरत होते. याला संघभावना म्हणतात, असं मला सांगितलं होतं.

सराव संपला की सगळ्यांचे बूट कपाटात जायचे. माझे कपाटाबाहेर, गोणपाटात. "वल्लं असत्यात गं तुझं," शिपाईमामा म्हणायचे. ओले सगळ्यांचेच असायचे.

नारळ घेऊन घरी गेले. आई भाकरी करत होती, बाबा जेवायला बसले होते. मी उभ्या उभ्या विचारलं, "बाबा, आपला आज्जा घोड्याम्होरं पळायचा?"

"कोण म्हणालं?" आईनं विचारलं.

"चेअरमन. माईकवर."

बाबांनी तोंडातला घास संपवला.

"पळायचे," ते म्हणाले. "आपल्या गावात इनामदाराचा घोडा निघाला की म्होरं महारानं पळायचं. बाजूला व्हा, बाजूला व्हा, असं वरडत. ऊन असू दे, न्हायतर चिखल असू दे. घोडा थांबला तरच थांबायचं."

आमचं गाव हातकणंगल्याजवळ. आजोबांना मी लंगडतानाच पाहिलं होतं. ते पळत असतील, हे माझ्या डोक्यात बसेना.

"मग?"

"छप्पन सालाला दीक्षा घेतली. त्यानंतर पयल्यांदा घोडा दारात आला तवा तात्या, तुझा आज्जा, भाईर आले. म्हणाले, घोड्याला वाट ठावं हाय. आन परत आत जाऊन बसले."

"मग काय झालं?"

"काय हुयाचं? मारलं. पाय मोडला." बाबांनी ताट पुढं सरकवलं. "पर पळाले न्हाईत."

आई तव्याकडं बघत म्हणाली, "आन आपण हिला बूट घालून पळाय धाडलंय."

त्या घरात त्या दिवशी कुणी रडलं नाही. बाबांनी मला क्लब सोड असंही सांगितलं नाही. मीही सोडणार नव्हते. मला पळायचं होतं. फक्त कुणाच्या पुढं, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं.

"सर, एकदा मी माझ्यासाठी पळू?"

"बूट कुणाचं?"

"क्लबचं."

"मग?"

सर वाईट नव्हते. त्यांचा पगार चेअरमन करत होते. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानं माझा राग कमी होत नव्हता.

त्या हिवाळ्यात वस्तीत केबल आली. शेजारच्या काकूंचा मुलगा क्रिकेट शोधत होता, आणि मध्येच पडद्यावर बर्फ आला. केशरी पोशाखातली एक बाई, पायात पात्यांचे बूट, त्या बर्फावर पळत होती. कंबरेत वाकलेली, दोन्ही हात पाठीवर. हॉलंडची. काकू म्हणाल्या, "बया, गारठत न्हाय व्हय ती?" मुलगा पुढचं बटण दाबणार होता. मी रिमोट हिसकावून घेतला.

तिच्याबरोबर एकच दुसरी बाई होती आणि तीही शेजारच्या वेगळ्या पट्ट्यात. दोघींचे पट्टे आखलेले. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. झुंज घड्याळाशी. प्रत्येक फेरीला दोघी पट्टे बदलायच्या, म्हणजे आतलं छोटं वळण दोघींनाही सारखं मिळावं. हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. नियमच होता. ती जिंकली. थांबली, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकल्या आणि मान वर करून फलकावर स्वतःची वेळ पाहिली. कुणाकडं पाहून ती बाजूला झाली नाही.

मी घरी आले. आनंद झाला नव्हता. मला फसवलं होतं, हे कळलं होतं.

पुढच्या वर्षी जिल्ह्याची निवड शर्यत त्याच माळावर झाली. पहिली येईल ती राज्य स्पर्धेला जाणार. एकच जागा. सरांनी नेहमीच्या सूचना दिल्या. मी मान हलवली.

शर्यत सुटली आणि मी पुढं गेले नाही. ऋतुजाच्या मागं गेले. तिच्या पाठीला लागून, हात पाठीवर बांधून.

तिनं मागं पाहिलं. "पुढं हो की गं!"

"न्हाय."

"अगं पुढं हो! वारा लागालाय!"

"लागू दे."

ती हळू झाली. मीही हळू झाले. ती आणखी हळू झाली. बाकीच्या मुली आमच्या मागं साचल्या, कारण जिल्ह्यात क्लब तो एकच, आणि क्लबच्या मुलींना आधी कुणी जायचं ते ठरवून दिलेलं असे आणि ते मोडायचं धाडस कुणालाच नव्हतं. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. "अय पोरींनो, ढकलू काय?" असं विचारून गेला. लोक खिदळले. चेअरमनची जीप शेजारून चालत होती. ते खिडकीतून अर्धे बाहेर आले.

"ए पायलट! म्होरं हो! म्होरं हो म्हणतोय न्हवं!"

मी त्यांच्याकडं पाहिलं आणि जागा सोडली नाही. वाट समोर होती. सरळ होती. ऋतुजाला ठाऊक होती.

जीपला घाबरून ऋतुजानं वेग घेतला. पहिल्यांदाच सगळा वारा तिच्या छातीवर आला. पुढं राहायचं कसं, श्वास कुठं ठेवायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण त्यासाठी मी होते. शेवटच्या वळणाआधीच तिचे पाय फाकले. सरांनी शिट्टी वाजवली. सवय अशी की त्यांनी ती वाजवलीच. मी उजवीकडून निघाले आणि एकदाही मागं पाहिलं नाही.

मी जिंकले. निकाल लागला तो असा: मुद्दाम अडवणूक केली म्हणून बाद. समितीवर चेअरमनच होते. राज्य स्पर्धेला ऋतुजा.

सर माझ्याजवळ आले. चेअरमन जीपमधून बघत होते. सर म्हणाले, "बूट काढ."

मी तिथंच रस्त्यावर बसून काढले. सरांनी हात पुढं केला. मी त्यांच्या हातात दिले नाहीत. डांबरावर ठेवले आणि अनवाणी एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेले. डांबर तापलेलं होतं. मी सावकाश चालले. त्यांना बघू दिलं.

राज्य स्पर्धेत ऋतुजा शेवटून दुसरी आली. बातमी वाचून मी हसले. पोटभर हसले.

पुढं शिकले, पत्रकारिता केली आणि कोल्हापुरातल्याच एका दैनिकाच्या क्रीडा पानावर लागले. हॉलंडच्या त्या बाईचं पुढचं करिअर मी वृत्तसंस्थांच्या बातम्यांत पाहिलं. ती जिंकत गेली. मग गुडघा दुखावला. तिच्याच देशातल्या तरुण मुलींनी तिला मागं टाकलं. जाणकारांनी तिला संपवलं. ती परत आली, पुन्हा जिंकली. जिंकली ती स्वतःच्या पट्ट्यात आणि हरली तीही स्वतःच्याच पट्ट्यात. दर वेळी मी चार ओळींची बातमी करत असे आणि दर वेळी वृत्तसंपादक ती काढत.

"ताई, कोल्हापुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवर मिळतो. कुस्ती घ्या, फुटबॉल घ्या."

"चार ओळी आहेत, सर."

"त्या चार ओळींत तालमीचा एक फोटो बसतो."

तिनं निवृत्ती घेतली ती बातमी मात्र मी पान छपाईला जाताना घुसवली. बोलणी खाल्ली. त्याच आठवड्यात चेअरमनच्या क्लबच्या शर्यतीचं वार्तांकन माझ्या वाट्याला आलं.

तोच माळ. आता नवे, एका ओळीत चाकं असलेले बूट. पांढऱ्या शर्टातली एक किडकिडीत मुलगी सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या पाठीला लागून चेअरमनची नात, थोरल्या मुलाची ईशा. वळणाला शिट्टी झाली. पांढरा शर्ट डावीकडं सरला.

चेअरमन मांडवात खुर्चीवर होते. काठीवर हनुवटी. त्यांनी मला ओळखलं नाही.

"या मॅडम, बसा. ए, मॅडमना च्या दे, कपातनं दे. गाव कुठलं म्हणायचं आपलं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आरं वा! मग आमच्याच भागातल्या की!"

"ती पुढं पळणारी मुलगी कोण?"

"कुठली?"

"पांढऱ्या शर्टातली. वळणापर्यंत पहिली होती."

"असंल कोणतरी. तुमी ईशाचं बघा. फोटो जरा मोठा घ्या."

ते विसरले होते. माझ्या आजोबांचा पाय, माझे बूट, ती जीप, सगळं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून माफी येईल याची कल्पना केली होती, नकार येईल याचीही केली होती. विसर पडेल याची केली नव्हती. चहा मी तसाच ठेवला.

पांढऱ्या शर्टातली मुलगी मांडवामागं बूट सोडत होती. नाव सुजाता. राहायला आमच्याच वस्तीत.

"बूट कुणाचे?"

"क्लबचं."

मी तिच्या आईबाबांना भेटले. काय झालं होतं आणि काय होईल, दोन्ही सांगितलं. तिच्या वडिलांनी तिला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "पळू दे तिला. पर तिच्यासाठी." मी तिच्या मापाचे बूट घेतले. आता रोज सकाळी माळावर आम्ही दोघी असतो. पुढं कसं राहायचं हे तिला येतं. मागं कसं राहायचं, कुणी ओरडलं तरी मागंच कसं राहायचं आणि कधी निघायचं, ते मी शिकवते. निवड शर्यतीला मी पंचांच्या शेजारी कॅमेरेवाला उभा करणार आहे. वळणापासून रेषेपर्यंत सगळं टिपलं जाईल. या वेळी बाद करायचं तर त्या चित्रासमोर करावं लागेल.

परवा सुजाता म्हणाली, "मॅडम, ईशा वाईट न्हाय ओ. डब्यातलं देती मला."

"डबा खा," मी म्हणाले. "पुढं जाऊ नको."

त्या नातीशी माझं वैर नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. मी लिहिणार नाही. मला ती हरलेली पाहायची आहे, सगळा वारा छातीवर घेऊन, तिच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत. आणि मग मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन माझं नाव, माझ्या आजोबांचं नाव आणि सुजाताचं नाव सांगणार आहे. ऐकून त्यांना आठवलंच पाहिजे. ते जिवंत असताना आठवलं पाहिजे.

त्यांचं वय झालं आहे. म्हणून मी घाई करते आहे.