खुर्चीवाल्या बाईंची देवळी

खुर्चीवाल्या बाई पहिल्यांदा लोहाऱ्यात आल्या, तेव्हा एस.टी.च्या टपावरून आधी त्यांची खुर्ची उतरली. कॅनव्हासची, घडीची, एका पायाला सुतळी गुंडाळलेली. मग बाई उतरल्या. आमच्या संस्थेचे चेअरमन अण्णा हार घेऊन स्टँडवर उभे होते, ते तसेच उभे राहिले. कारण पुण्याहून आर्किटेक्ट येणार म्हणजे पुरुषमाणूस येणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. गाडी रिकामी झाली, कंडक्टर चहाला गेला, तरी अण्णांची नजर दारावरच. शेवटी बाईच पुढे येऊन म्हणाल्या, "हार माझ्यासाठी असेल तर द्या. सुकत चाललाय."

मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. मोठा दुष्काळ नुकता कुठे ओसरला होता. तालुक्यातल्या बायांनी खडी केंद्रावर दगड फोडून आणि सरकारी सुकडी खाऊन ते दिवस काढले होते, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी पोरीच्या हाती हातोडा द्यायचा नाही एवढं मनाशी पक्कं केलं होतं. अण्णांनी सहकारी संस्था काढली, गावाबाहेरची माळाची जागा मिळवली आणि मला रेक्टर नेमलं. मी उमरग्याच्या बौद्धवाड्यातली, शिकून नोकरीला लागलेली आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. इमारतीचा पत्ता नव्हता, पण रेक्टर हजर होती. त्यामुळे बाईंच्या मागेपुढे करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी बाईंनी माळावर खुर्ची मांडली आणि बसल्या. तिथल्या एकुलत्या एका लिंबाची सावली सरकली की खुर्ची सरकायची. सकाळची पश्चिमेला होती, ती संध्याकाळी पूर्वेला पोचली. ना टेप काढला, ना कागद. बघायला जमलेली माणसं कंटाळून घरी गेली. अण्णा माझ्या कानाशी लागले, "ह्या कामाला आल्यात का सुट्टीला?" बाईंचे कान तिखट होते. "अण्णा, भिंती मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी बसायचं कुठं ते ठरू दे." त्या दिवसापासून त्यांचं नाव खुर्चीवाल्या बाई पडलं, ते कायमचं.

विचारणं हा त्यांचा दुसरा नाद. दिसेल त्याला विचारत. दुपारी तुम्ही कुठे टेकता? धुणं कुठे वाळतं? म्हातारीची बाज उन्हाळ्यात कुठे असते? माणसं आधी हसत, मग भडाभडा बोलत. एकदा कमिटीतल्या एका सभासदाने आडून आडून सुचवलं, की पोरी सगळ्या जातींच्या यायच्या, तेव्हा पिण्याच्या पाण्याची सोय दोन ठिकाणी असलेली बरी. मी मान खाली घातली. अशा वेळी काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाईंनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि अगदी अडचणीत पडल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "दुसऱ्या पाण्याला कागदावर जागाच उरली नाही हो." अण्णा खो खो हसले आणि तो विषय तिथेच मिटला. वसतिगृहात पाण्याची जागा एकच झाली. बाईंवर माझा जीव जडला तो त्या दुपारी.

पण मला त्यांनी विचारलेला प्रश्न सगळ्यांत वेगळा होता. "रेक्टरबाई, आई सोडून गेली की पहिल्या दिवशी मुलगी रडायला कुठे जाईल?"

मी म्हटलं, "संडासात जाते. मी ट्रेनिंगला असताना तिथंच जायची."

बाईंनी नकाशा पुढ्यात ओढला. "छे," म्हणाल्या, "हे काही बरोबर नाही."

मग त्यांनी मागच्या व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याच्या आडोशाला, जाड भिंतीत एक कोनाडा सोडला. पाय पोटाशी घेऊन एक मुलगी मावेल एवढा. त्याला एक छोटी खिडकी, आणि खिडकीतून दिसणार एस.टी.चा रस्ता. व्हरांड्यातून बघितलं तर फक्त पावलं दिसावीत, तोंड दिसू नये, अशी बेतलेली जागा. बांधकाम चालू असताना त्यांनी मला त्यात बसवून माप पाहिलं. "रडून बघा बरं," म्हणाल्या. मला हसू आवरेना. गवंडीही हसायला लागले. बाईंनी मात्र गंभीरपणे एक नियम सांगितला, "इथं कुणी बसलं असेल तर हाक मारायची नाही. जेवायलासुद्धा नाही. आपलं आपण उठून यायचं." पुढे पोरींनी त्या कोनाड्याला मोठी देवळी असं नाव पाडलं. आपल्याकडे भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवतात, इथे मुलगी बसायची.

इमारत झाली ती सगळी काळ्या दगडाची. त्या दगडावर बाईंचं प्रेम बसलं होतं. गिलावा करू म्हटलं तर अंगावर येत. "इतका देखणा दगड झाकायचा? पुण्यात मला हा स्वप्नात दिसतो." उन्हाळ्यातही आत गार वाटायचं. सोनाबाई आपल्या मुलीला, वैजूला, घेऊन आली ती पहिली. खडी फोडताना तिच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, ते पुन्हा आलं नव्हतं. तिने व्हरांड्यातल्या दगडावरून तो हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि वैजूची पेटी उचलून आत नेली.

दोनेक वर्षांनी बाईंचं पत्र न येता बाईच आल्या. देशातल्या उत्तम इमारतींना दिल्लीत दरवर्षी बक्षीस देत, त्यासाठी आमच्या वसतिगृहाचे फोटो गेले होते, आणि ते निवडीत वर आले होते. आता तिघे परीक्षक प्रत्यक्ष बघायला येणार होते. बाई पन्नाशीकडे झुकलेल्या. पुण्यात त्यांच्या बरोबरीचे लोक त्यांना बंगल्याच्या स्वयंपाकघरापुरतं विचारत, हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी म्हणाल्या, "लोक म्हणतात बक्षिसाचं काय मोठंसं. मला पाहिजे आहे. हपापलेय मी त्यासाठी. तुम्हाला म्हणून सांगते." एरवी सगळ्यांना प्रश्न विचारणारी ही बाई स्वतःसाठी काही मागतेय, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

परीक्षक यायच्या आधी दोन दिवस मी उमरग्याला भावाच्या लग्नात होते. परत आले ती लोहाऱ्याच्या स्टँडवरून अण्णांच्या जीपने. अण्णांचा चेहरा फुलून आला होता. "रेक्टरबाई, वळखू येणार न्हाय तुमाला." आणि खरंच ओळखू येईना. अख्खं वसतिगृह पांढरंशुभ्र. चुन्यात नीळ घातलेली, खालून गेरूचा पट्टा, दारावर सुस्वागतम्. गावोगावच्या पोरींच्या आया स्वतः होऊन आल्या होत्या. दोन दिवस अंबाडीच्या कुंच्यांनी त्यांनी भिंत न् भिंत रंगवून काढली होती. "बघायला पावणे येणार, म्हंजी सोयरीकच की," अण्णा म्हणाले. "पोरीच्या घराला चुना नको व्हय?" आपल्याकडे मुलगी बघायला यायचे असले की घर सारवतात, चुना देतात. त्यांचं काय चुकलं होतं? मी जीपमधून उतरून एखादा काळा दगड उघडा दिसतो का ते शोधलं.

तासाभरात बाई परीक्षकांसोबतच मोटारीतून उतरल्या. त्या फाटकाशी थबकल्या, तशाच उभ्या राहिल्या. तिघांपैकी सगळ्यांत वयस्क होते ते मराठी बोलत. त्यांनी हातातला फोटो पाहिला, समोर पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, फोटोतली इमारत कुठे आहे?"

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आपल्या हातून काहीतरी भलतंच झालंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळेना. परीक्षक सज्जन होते. म्हणाले, "चुना ताजा आहे, पाण्याने निघेल. आम्ही तुळजापूरला दर्शनाला जातोय, मुक्काम तिथेच. उद्या सकाळी याच रस्त्याने परत येतो. धुऊन ठेवा, आम्ही पुन्हा बघू." याहून जास्त कोण काय करणार? मोटार गेली.

"म्या डेअरीचा टँकर आनतो," अण्णा म्हणाले. "आत्ता जातो. रातभर धुवू, बाई. तुमी काळजी करू नका." विहिरी त्या साली पुन्हा तळाला गेल्या होत्या आणि पोरींचं पिण्याचं पाणीही त्याच टँकरने यायचं. तरी अण्णा निघालेच होते. बाईंनी त्यांना थांबवलं आणि जमलेल्या बायांना विचारलं, "पाहुणे येणार म्हणून चुना दिलात, ते समजलं. पण एक दगडसुद्धा उघडा ठेवला नाहीत. असं का?"

सोनाबाईचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. ती म्हणाली, "बाई, राग धरू नगा. त्यो दगड आमी फोडलाय. लेकराला पाठीवर बांधून फोडलाय. वैजूला भेटाया आलं की आदी त्योच दिसायचा. वाटायचं, पोरगी आजून खडी केंद्रावरच हाय."

"मला कधी बोलला नाहीत."

"कसं बोलावं? तुमाला लई आवडायचा."

बाईंनी मान हलवली. मग त्या मागच्या व्हरांड्यात गेल्या. आम्ही मागोमाग गेलो, तर मोठ्या देवळीतून त्यांची पावलं तेवढी दिसत होती. आम्ही तिथूनच मागे फिरलो. अण्णा टँकरसाठी तळमळत होते, पण नियम त्यांनाही ठाऊक होता. चहा झाला, तो निवला. ऊन उतरलं तेव्हा बाई आपलं आपण उठून आल्या. डोळे लाल होते आणि पाठीला चुना लागला होता.

"अण्णा, टँकर राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरींचं पाणी भिंतीवर ओतायचं नाही. आणि धुतलं तर खालून खडी केंद्र निघेल. घर त्यांचं आहे. त्यांना आवडलंय तसंच राहील."

सकाळी परीक्षक आले. बाईंनी त्यांना ती चुन्याचीच इमारत हौसेने हिंडून दाखवली. एकदाही सबब सांगितली नाही. ते वयस्क गृहस्थ देवळीत घटकाभर बसले, आणि उठताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. बक्षीस दुसऱ्याच कुठल्याशा इमारतीला मिळालं. मला अतिशय वाईट वाटलं. आजही वाटतं. बाईंनाही वाटलंच असणार. पुढे बऱ्याच दिवसांनी त्या आल्या तेव्हा बक्षिसाचा विषय निघाला, आणि त्यांनी तो बदलला.

अण्णांच्या मात्र जिवाला ते लागून राहिलं होतं. संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांनी रीतसर ठराव मांडला, की सदर इमारत ही संपूर्ण देशात उत्तम आहे. सूचक अण्णा, अनुमोदक सोनाबाई. हात वर झाले, टाळ्या झाल्या, बाईंना नारळ आणि खण दिला. बाई पदराने डोळे टिपत हसत होत्या. "सर्वानुमते झाला," मला म्हणाल्या. "दिल्लीत असं होत नाही." त्यानंतर दरवर्षी शाळा उघडायच्या आधी चुना द्यायला आया जमत, तेव्हा बाई पुण्याहून येत. लिंबाखाली खुर्ची मांडायच्या, पण बसायच्या कमीच. हाती कुंचा घेऊन सोनाबाईच्या शेजारी उभ्या असायच्या, आणि सोनाबाई त्यांना सांगायची, "पातळ झाला बाई, आनिक कालवा."

मग एका वर्षी आया जमल्या, चुना भिजला, आणि बाई आल्या नाहीत. दुपारी त्यांचा भाचा आला. त्याच्या हातात ती घडीची खुर्ची होती. बाई महिन्यापूर्वी गेल्या, खुर्ची लोहाऱ्याला द्या म्हणाल्या होत्या, एवढंच त्याने सांगितलं. अण्णा लिंबाला टेकून उभे राहिले. सोनाबाईने कुंचा बादलीत ठेवला. मला पोरींच्या जेवणाचं बघायचं होतं, सुट्टीतही चारदोन पोरी होत्याच. मी स्वयंपाकघराकडे निघाले आणि मागच्या व्हरांड्यात कशी पोचले ते कळलं नाही.

देवळी रिकामी होती. मी पाय पोटाशी घेतले. बाईंनी माझंच माप घेतलं होतं, तेव्हा मला हसू आलं होतं. खिडकीतून एस.टी.चा रस्ता दिसत होता. थोड्या वेळाने व्हरांड्यात पोरींची चाहूल लागली, कुणीतरी कुजबुजलं, आणि पावलं आल्या वाटेने हळूच परत गेली. जेवणाची घंटा झाली. मला कुणी हाक मारली नाही.