बोअरच्या भिंतीला पॉलिश

“मॅडम, हे दाणे काढा. लई घाण दिसायलंय,” चेअरमन स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले.

घाण म्हणजे फोटोतला नॉइज. पाटोद्याकडं दुष्काळ होता. सहकारी पाणीपुरवठा संस्थेची एकुलती बोअर आटली होती आणि अख्खी चारा छावणी तिच्यावर. बोअर तपासायला आलेल्या आम्ही आत कॅमेरा सोडला. अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, मग फोटोभर दाणेदार ठिपके येतात. दगडात ओली भेग सापडली तर कॉम्प्रेसरनं हवा मारून ती मोकळी करायची. नाही सापडली तर बोअर बुजवायची, छावणी उठवायची आणि नवी बोअर पाडायची. बोअर पाडायची गाडी चेअरमनच्या मेव्हण्याची होती, हा अर्थातच निव्वळ योगायोग.

सुभद्राबाईंच्या दोन म्हशी छावणीत होत्या. छावणी उठली की त्या मातीमोलानं बाजारात जाणार. त्यांनी दारातूनच विचारलं, “पानी हाय का न्हाई, तेवढं सांगा माय.”

नॉइज काढणाऱ्या आमच्या गणिताला दोन सासवा असतात. एक म्हणते, मूळ फोटोपासून लांब जाऊ नकोस. दुसरी म्हणते, शेजारच्या ठिपक्यांशी भांडू नकोस, त्यांच्यासारखाच दिस. दोघींची मिळून नाराजी कमीत कमी होईल असा फोटो कॉम्प्युटर शोधतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणायचं. दुसरीचं किती ऐकायचं हे लॅम्डा नावाचा आकडा ठरवतो. मी तो बेताचा ठेवला होता.

चेअरमनना पटेना. “माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला न्हाई का? तोंडावर एक वण न्हाई. तसं करा.”

“साहेब, फार गुळगुळीत केलं तर बारीक भेगही पुसली जाते.”

“सभेला दाखवायचंय. करा.”

केलं. फोटोत बोअरची भिंत संगमरवरी झाली. सभेत चेअरमननी विचारलं, “कुठं हाय भेग? कोरडीठाक! बुजवा.” संचालकांनी माना डोलावल्या. त्यासाठीच तर त्यांना निवडून दिलेलं असतं.

माझं डोकं फिरलं. मी तिथंच मूळ फोटोतून तो चकचकीत फोटो वजा करून पडद्यावर टाकला. अशा वजाबाकीत आपण काढून टाकलेला कचरा उरतो. काम नीट झालं असेल तर त्यात नुसती भुरभुर दिसते. इथं भुरभुरीत आडवी, चमकणारी रेघ होती.

“कचरा कावून दाखवायलाव?” चेअरमन खेकसले.

“तुम्ही पुसायला लावलेली भेग आहे ती. चमकतेय, म्हणजे ओली आहे.”

सुभद्राबाई मागून कडाडल्या, “मंग आधी हवा मारा की! बुजवायची एवढी काय घाई?”

संस्थेची निवडणूक तोंडावर होती. चेअरमनना एकदम लोकशाही आठवली.

कॉम्प्रेसर लावला. आधी चिखल उडाला, मग गढूळ पाणी, मग करंगळीएवढी स्वच्छ धार. छावणी टिकली. म्हशी सुभद्राबाईंच्याच दावणीला राहिल्या. चेअरमननी भाषणात स्वतःच्या दूरदृष्टीचे आभार मानले.

घर झाडल्यावर शहाणी बाई केर टाकण्याआधी एकदा चाळून बघते, कानातलं सापडतं. आम्ही तेच करतो, फक्त त्याला रेसिड्युअल, म्हणजे वजाबाकीत उरलेलं, तपासणं म्हणतो आणि पगार घेतो.